बीबीच्या भिंतीवरचं झाड

विशाखानं सांगितलं की येत्या गुरुवारी पुरातत्त्व खात्याचे मोठे साहेब येतील, भिंत बघतील आणि बहुतेक चिनीचे सगळे तुकडे पेट्यांत भरून न्यायला सांगतील. सगीरा तेव्हा दिव्याची वात सारखी करत होती. तिचा हात तसाच थांबला.

आमचं गाव बीबीखेडा, वैजापूर रस्त्याला. गावाबाहेर लिंबाच्या झाडापलीकडं एक घुमटाची खोली आहे. आत एकच कबर. ती कोणाची हे कोणालाच ठाऊक नाही. बीबी म्हणतात, एवढंच. विशाखा म्हणते, निजामशाहीच्या काळातलं काम असावं. खोलीच्या मागच्या भिंतीवर एके काळी खालपासून वरपर्यंत चिनी बसवलेली होती. चिनी म्हणजे भाजून चकाकी आणलेली फरशी, निळी, फिरोजी, मधूनमधून पांढरी. माझ्या आजेसासूच्या जन्माच्याही आधी एका मोठ्या पावसात छताचा कोपरा कोसळला आणि भिंतीचा सगळा दर्शनी थर घसरून खाली आला. छत पुढं कुणीतरी नीट केलं. भिंत मात्र बोडकी राहिली.

सगीराच्या माहेरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्या खोलीत दर गुरुवारी दिवा लावतात. तिला भाऊ नव्हता. वडिलांनी तिला गावातच, दोन गल्ल्या पलीकडं जहांगीरभाईंना दिली आणि दिवा तिच्याकडं राहिला. तिची आजी सांगायची की भिंतीवर एक झाड होतं, दिवा लावला की त्याची पानं हलायची. आजीनंही ते तिच्या आजीकडून ऐकलेलं. सगीरानं झाड कधी बघितलंच नाही. सगळा जन्म ती एका न बघितलेल्या झाडापुढं दिवा लावत आली.

दिवाळीनंतर विशाखा आली. खोली दुरुस्त करायचं काम तिच्याकडं होतं. तिच्या माणसांनी ढिगारा चाळून चिनीचे तुकडे वेचले, धुतले आणि पांढऱ्या चादरीवर मांडले. सगीरा रोज जाऊन बघायची. चादरीवर काठाची वेलबुट्टी जमली, कोपरे जमले. मधली चादर पांढरीच राहिली.

नियम विशाखानं आम्हाला पहिल्याच आठवड्यात समजावला होता. नवी चिनी बनवून जुन्याच्या जागी लावायची नाही. जुन्या तुकड्यांतून झाड ओळखू येत असेल तर ते भिंतीवर परत बसवायचे, उरलेल्या जागी साधा चुना. ओळखू येत नसेल तर तुकडे संग्रहालयाच्या गोदामात जातील आणि भिंतीला गिलावा होईल.

"झाडाचे तुकडे ढिगाऱ्यात नाहीतच," विशाखा म्हणाली. "पूर्वी कुणी चोरून नेले असतील का?"

सगीरानं माझ्याकडं बघितलं आणि मला हसू आलं. मी म्हणाले, "चोरून नाय गं बाई. लेकींनी नेलेत."

विशाखाला हे सगळं सांगावं लागलं. आमच्या गावातली मुलगी सासरी निघाली की त्या दिवशी सकाळी तिची आई बीबीच्या खोलीत जाते. ढिगाऱ्यातून चिनीचा एक तुकडा उचलते, धुते आणि पदरात बांधून आणते. मुलगी तो सासरच्या रांजणात टाकते, पहिल्या पाण्याबरोबर. मग त्या घरचं पाणी तिला ओळखतं, असं म्हणतात. हिंदूंच्या घरात तसंच, मुसलमानांच्या घरात तसंच. आणि आया काही काठाची बुट्टी उचलत नसत. लेकीसाठी उचलायचा तर सगळ्यांत गडद, सगळ्यांत सुंदर तुकडा. म्हणून झाड गेलं आणि काठ राहिला.

विशाखा एकदम उठून उभी राहिली. म्हणाली, म्हणजे तुकडे आहेत. म्हणजे माघारी आणता येतील.

सगीरा पुन्हा वातीकडं वळली. तिला हे का नको ते मला ठाऊक होतं. तुकडा माघारी येतो तो एकाच वेळी. लेकीचं घर मोडलं, तिला कायमचं परत यावं लागलं, की ती रांजणातला तुकडा काढून आणते आणि बीबीच्या कोनाड्यात ठेवते. सगीराच्या कोनाड्यात असे काही तुकडे होते. त्यांना ती दिवा लावतानासुद्धा हात लावत नसे.

"मी कुणाला मागणार नाय," ती म्हणाली.

"मग भिंत बोडकीच राहू दे," मी म्हणाले. मला राग आला होता. मी या गावची सून. माझ्याकडं तुकडा नाही, म्हणून मला बोलणं सोपं होतं.

दिवसभर तिनं माझ्याशी अबोला धरला. दुसऱ्या दिवशी सकाळी बुरखा घालून दारात उभी. म्हणाली, चल.

विशाखानं आमच्यासाठी शिक्क्याचा कागद करून दिला, म्हणजे कुणाला शंका नको. तो घेऊन आम्ही आधी वैजापूरला गेलो. तिथं रूपा असते, माझ्या दिराची मुलगी. नवऱ्याची, सत्यमची, मार्केट यार्डात कांद्याची आडत आहे. घर भरलेलं. रूपानं चहा केला, पोहे केले, गावचं सगळं विचारलं. मी तुकड्याची गोष्ट काढली तशी ती उठली आणि रांजणापुढं जाऊन उभी राहिली, लहान मूल पाठीशी घालावं तशी. तिच्या सासूनं कागद हातात घेतला, उलटासुलटा केला.

"विहीणबाई," सासू म्हणाली, "तुमच्या गावात लेकीचं घर मोडायचं असलं की असा कागद घेऊन येतात का?"

पोहे तसेच टाकून आम्ही निघालो.

तिथून बसनं शहर गाठलं, रिक्षानं उस्मानपुऱ्यात सगीराच्या लेकीकडं, माहनूरकडं. तिचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. रांजण नाही, भिंतीला पाण्याचं मशीन लावलेलं. तुकडा त्यात मावेना, म्हणून तिनं तो जाळीच्या पिशवीत बांधून गच्चीवरच्या टाकीत सोडलेला. जावई रय्यान भला माणूस. म्हणाला, अम्मी, मैं अभी निकाल के लाता हूँ. आणि चप्पल शोधायला लागला.

"जा, चढ," माहनूर म्हणाली. "खाली यायचं का नाही ते मग मी ठरवते."

रय्यान चप्पल सोडून सोफ्यावर बसला. माहनूर आईजवळ आली. तिचा आवाज उतरला होता. "अम्मी, तूच सांगितलं होतंस. हे परत आलं म्हणजे पोरगी परत आली. आता मी काय समजू?"

सगीरानं लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला खुणेनं उठवलं.

शेवटी औरंगपुऱ्यात दीपमालाकडं गेलो, ती पण आमच्याच गावची लेक. तिचं गल्लीत बांगड्यांचं छोटं दुकान. नवरा नाही, मुलगा बाहेरगावी नोकरीला, ही एकटीच सगळं बघते. आम्ही गेलो तेव्हा एका गिऱ्हाईक बाईचा हात तिच्या हातात होता आणि ती बांगड्या चढवत होती. आमच्याकडं न बघताच तिनं सगळं ऐकून घेतलं. मी कागद पुढं केला.

"काकू, तो आत ठेवा," ती म्हणाली. बांगडी अडली होती. तिनं त्या बाईचा अंगठा हळूच आत दाबला. "लेकीच्या दारात आलात. ओटीला मूठभर तांदूळ आणलेत? नाय आणले. आई गेली तवापासून गावचं कुणी या गल्लीत फिरकलं नाय. आज आलात ते मागायला. बरं, मागायला आलात ते पण रिकाम्या हातानं."

बांगडी चढली. गिऱ्हाईक बाई आमच्याकडं बघत होती. आम्ही दुकानाची पायरी उतरलो.

बसमध्ये लासूर मागं पडल्यावर सगीरा म्हणाली, "तिनं खोटं काय सांगितलं?"

खोटं काहीच नव्हतं. लेकीच्या घरी जाताना आम्ही कधी रिकाम्या हातानं गेलो नव्हतो. साधं हळदीकुंकवाला गेलं तरी खण असतो, ईदला गेलं तरी डबा असतो. या वेळी मात्र कागद मिळाला आणि आम्ही वसुलीची माणसं झालो. आणि मागितलं तर काय मागितलं, तिच्या पाण्यातला तुकडा. तिच्या रांजणात मागं काय राहणार, याचा विचार दोघींपैकी एकीनंही केला नव्हता.

गावात उतरून सगीरा घरी न जाता बीबीच्या खोलीवर गेली. तिथं चुन्याचं काम करणारे अप्पाराव भिंत खरवडत होते. चिनीच्या मागचा जुना चुना सुटला होता. त्याचे खडे त्यांच्या पायाशी पडत होते. सगीरानं एक उचलला. एका बाजूनं खडबडीत, दुसऱ्या बाजूनं गुळगुळीत. त्या बाजूला शेकडो वर्षं चिनी टेकून बसलेली होती.

"याचं काय करणार?" तिनं विचारलं.

अप्पाराव म्हणाले, सुटलेला आहे, टाकायचाच.

ती खडा अंगठ्यानं घासत राहिली. मग माझ्याकडं वळली. "मनकर्णा, हा पण भिंतीचाच ना?"

मला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा मी विशाखाला बोलवायला पळाले.

विशाखानं विचार केला, साहेबांना फोन लावून विचारलं आणि आधीच गळून पडलेले खडे न्यायला मोकळीक दिली. पण दुसऱ्यांच्या लेकींना सांगायच्या आधी सगीराला आपल्या घरात करून बघायचं होतं. तिचा रांजण न्हाणीच्या भिंतीला, अर्धा जमिनीत पुरलेला. तिनं बाही वर केली, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि तुकडा काढला. फिरोजी रंगाचा, तळहाताएवढा, एका कडेला पांढरी वळणदार पट्टी. जहांगीरभाई खाटेवर बसून हे बघत होते.

"तुकडा निघाला," ते म्हणाले. "म्हणजे मी सुटलो का?"

सगीरानं दुसऱ्या हातातला चुन्याचा खडा रांजणात सोडला. पाण्यात बुळुक असा आवाज झाला.

"कुठं सुटता," ती म्हणाली. "दुसरा टाकलाय."

जहांगीरभाईंनी मोठा उसासा टाकला. मी हसत हसत तिच्या न्हाणीच्या दगडावर बसले. सगीरा पण हसली. तुकडा तिनं ओढणीत गुंडाळला.

मग आम्ही परत निघालो. या वेळी पिशवीत तांदूळ, खण, नारळ, शिरखुर्म्याचा डबा आणि प्रत्येकीसाठी फडक्यात बांधलेला चुन्याचा एक खडा. कागद घरीच ठेवला. कुणाकडं काही मागितलं नाही. एवढंच सांगितलं की गुरुवारी माहेराला या, बीबीच्या भिंतीचं काम आहे. तुकडा आणायचा असेल तर आणा. आणलात तर भिंतीत तुमच्याच हातानं बसवायचा, दुसरं कुणी हात लावणार नाही. पण तुकडा काढायच्या आधी हा खडा रांजणात टाका. तुमचं पाणी एक क्षणही मोकळं राहणार नाही.

रूपाच्या सासूनं खडा हातात घेऊन वजन बघितलं आणि सगीराला विचारलं, तुम्ही तुमच्या घरात टाकला का. सगीरानं हो म्हटल्यावर म्हातारी म्हणाली, मग मलाही यायचंय बघायला. माहनूरनं खडा घेतला आणि रय्यानला सांगितलं, आता चढ. आम्ही अजून खूप घरं फिरलो, वैजापूरच्या गल्ल्यांत, आजूबाजूच्या खेड्यांत. जिथं आम्हाला जमेना तिथं रूपा आणि माहनूर फोन करत राहिल्या.

दीपमालानं ओटी घेतली. खणाला हात लावून डोळ्याला लावला. पण येते म्हणाली नाही, नाही येत असंही म्हणाली नाही. खडा तिनं बांगड्यांच्या फळीवर ठेवला आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडं वळली.

गुरुवारी सकाळपासून गावात बाया उतरू लागल्या. कुणी एसटीनं, कुणी नवऱ्याच्या मोटारसायकलवर, वैजापूरहून तर सत्यमच्या कांद्याच्या टेम्पोतून. टेम्पोत पुढं ड्रायव्हरशेजारी रूपाची सासू. आधी सगळ्याजणी आपापल्या घरी गेल्या. दारात आईनं नाहीतर वहिनीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, मग आत घेतलं. हे आमच्या गावात सगळ्याच घरांत करतात. मग जेवून, डोक्यावर पदर घेऊन त्या बीबीच्या खोलीकडं निघाल्या. रस्ता भरून गेला.

आत अप्पारावांनी ताजा चुना मळून ठेवला होता. बायांनी आपापले तुकडे आधी चादरीवर ठेवून जुळवले आणि विशाखानं त्यांच्या जागा भिंतीवर कोळशानं आखल्या. एकेक बाई पुढं यायची, विशाखा जागा दाखवायची, अप्पाराव चुना लावायचे आणि बाई तुकडा दाबून धरायची. कुणी धरताना पुटपुटायची, कुणी डोळे मिटायची. माहनूरनं तिचा तुकडा दाबला आणि हात काढायलाच तयार होईना. अप्पाराव म्हणाले, ताई, बसला तो आता. भिंतीवर आधी एक फांदी आली, मग पानं आली, मग पांढरी फुलं. एका फांदीवर चोच वर केलेला पक्षी निघाला तेव्हा बायांमधून हलका आवाज उमटला. आपला तुकडा सगळ्यांत आधी बसवून सगीरा दाराशी जाऊन उभी राहिली होती. ती पुन्हा आत जायला तयार नव्हती. पूर्ण झाल्यावर बघते म्हणाली.

दुपारी साहेब आले. बारीक अंगाचे, हळू बोलणारे. सगळ्यांना नमस्कार करून ते भिंतीपुढं बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले की काम फार सुंदर आहे, पण मला जे दिसतं तेच लिहावं लागेल. फांद्या आहेत, पानं आहेत. खाली मधोमध मोठी जागा रिकामी आहे. या फांद्या कशातून निघतात ते दिसत नाही. ही नुसती वेलही असू शकेल.

विशाखा त्यांना समजावू लागली. सगीराचा एक तुकडा, माहनूरचा एक, असे काही वळणदार तुकडे त्या रिकाम्या जागेच्या कडेला लागले होते, पण त्यांचा एकमेकांशी मेळ बसत नव्हता. साहेब ऐकत होते. मी दाराकडं बघितलं तर सगीरा तिथं नव्हती.

मी बाहेर आले. लिंबाखाली दीपमाला उभी होती आणि सगीरा तिच्याकडं निघाली होती. कधीची उभी होती कोण जाणे. छातीशी पिशवी धरलेली, पायात धुळीच्या चपला. गाव ओलांडून आली पण खोलीकडं येत नव्हती. आणि मला तेव्हा लक्षात आलं की तिला गावात घरच नाही. आईमागं भावांनी घर विकलं आणि ते पुण्याला गेले. सकाळपासून सगळ्या लेकी कुणा ना कुणाच्या दारात उभ्या राहिल्या होत्या. हिनं कुठं उभं राहायचं?

सगीरा मला म्हणाली, भाकरी आण.

गवंड्यांच्या डब्यातली अर्धी भाकरी आणि तांब्याभर पाणी घेऊन मी धावले. सगीरानं दीपमालाच्या डोक्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळला, दोन बाजूंना टाकला, वाकून तिच्या पायांवर पाणी घातलं. वाकताना तिचे गुडघे वाजले. दीपमाला हलली नाही. पाणी तिच्या बोटांमधून धुळीत गेलं.

"मला वाटलं मला कुणी आत घ्यायचं नाय," ती म्हणाली.

"लई उशीर केलास," सगीरा म्हणाली. "चल. तुझी जागा ठेवलीय."

तिचा हात धरूनच सगीरा आत गेली. साहेब बोलता बोलता थांबले. दीपमालानं पिशवीतून पदराच्या फडक्यात गुंडाळलेला तुकडा काढला. तिच्या आईनं सगळ्यांत मोठा निवडला होता. दोन्ही हातांत मावेल एवढा, गडद निळा, फुगीर वळणाचा, वर पांढरा काठ. विशाखानं तो बघितला आणि रिकाम्या जागेच्या मधोमध बोट ठेवलं. अप्पारावांनी चुना लावला. दीपमालानं तुकडा दाबला.

त्याच्या डाव्या कडेला सगीराची पांढरी पट्टी येऊन टेकली, उजव्या कडेला माहनूरची. वरचा काठ फांद्यांच्या बुडाला मिळाला. मघापर्यंत ज्यांचा मेळ बसत नव्हता ते सगळे तुकडे एका गोल पोटाला जाऊन लागले.

मग रूपाची सासू म्हणाली, "अगं बाई. हा तर रांजण."

रांजणच होता. भिंतीच्या पायथ्याशी निळा, भरल्या पोटाचा रांजण, त्याच्या तोंडातून निघालेलं झाड, झाडावर फुलं आणि पक्षी. ते पडलेलं झाड आमच्या आयांनी तुकड्यातुकड्यानं लेकींबरोबर पाठवलं आणि प्रत्येकीला सांगितलं, पाण्यात ठेव. कुणी कुणाला शिकवलं, कुठून आलं, कुणी सांगू शकत नाही. बायांनी एकमेकींचे हात धरले. कुणीतरी रडत होती, कुणीतरी तिला हसत होती, आणि मग सगळ्याच एकदम बोलू लागल्या, हा माझा, तो तुझा, तो वरचा आत्याचा.

साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. ते विशाखाला म्हणाले, "पेट्या परत पाठवून द्या."

विशाखानं हात जोडले. मग साहेबांनी सगीराला विचारलं, बाई, काय वाटतं?

पण ती भिंतीपुढं गेली होती. तिनं वरून सुरुवात केली, फांदी न्‌ फांदी बघत खाली आली, रांजणापाशी थांबली. मग पुन्हा वर गेली. बायांनी वाट सोडली. तिनं कोनाड्यातला दिवा घेतला. कोनाड्यातच ते माघारी आलेले तुकडे होते, ज्यांना ती कधी हात लावत नसे. ते तिनं एकेक करून उचलले आणि विशाखाच्या ओंजळीत दिले. "हे पण लावा," ती म्हणाली. "या पण आमच्याच लेकी."

त्यांतून एक पक्ष्याचं शेपूट निघालं. एक फूल निघालं.

दिवेलागणीला तिनं दिवा लावला. वाऱ्यानं ज्योत हलली तशी चिनीवर उजेड हलला, आणि पानं हलली. खालपासून वरपर्यंत, सगळ्या झाडाची. आजीची गोष्ट खरी होती. सगीरा माझ्याकडं वळून म्हणाली, "बघ." तेवढंच म्हणाली, पण तिची मान अशी ताठ मी जन्मात बघितली नव्हती.

बाया निघाल्या. माहनूर आईकडं राहिली आणि दीपमालालाही तिनं ठेवून घेतलं. अप्पाराव हत्यारं धूत होते. सगीरानं त्यांच्या पाटीतून चुन्याचा शेवटचा खडा उचलला, ओढणीच्या टोकाला पुसला आणि माझ्या हातावर ठेवला.

मी म्हणाले, मी तर सून. सुनांना कुठं देतात?

"आजपासून देतात," ती म्हणाली.

घरी जाऊन मी रांजणाचं झाकण काढलं आणि खडा आत सोडला. बुळुक असा आवाज झाला.